बिनएककाचे पंचवीस

मोटारसायकलच्या इंजिनाखालचा, तेल काढण्याचा बोल्ट किती घट्ट आवळावा, या प्रश्नाची गोंदिया शहरात मला जी उत्तरे मिळाली ती सर्व प्रामाणिक होती. "फिट." "बराबर." "गुड टाइट." "हाताले समजते तेवढा." एका सद्गृहस्थांनी तर उत्तरादाखल फक्त दातओठ खाऊन दाखवले. या उत्तरांत उणीव एवढीच होती की त्यांत आकडा नव्हता, आणि आकडा नसल्यामुळे एककही नव्हते. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. ज्या उत्तरापुढे एकक नाही त्याचा अर्धा गुण मी कापतो. या एका सवयीमुळे फुलचूर परिसरातील बऱ्याच पालकांशी माझे संबंध औपचारिक राहिले आहेत.

गाडी माझी नव्हती, हे आधीच स्पष्ट करतो; या प्रकरणातील सारे गांभीर्य त्यातूनच येते. ती माझ्या सासऱ्यांची, गुलाबचंदजी पटले यांची. देवरीकडच्या आपल्या गावाहून ते ती स्वतः चालवत आले, आमच्या अंगणात लावली आणि स्वतःच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सासूबाईंना, दुलारीबाईंना, सोबत घेऊन रेल्वेने नागपूरला, माझा मेहुणा तिलक याच्याकडे गेले. जाताना म्हणाले, "जवाई, सावलीत ठेवजा. बाकी काही करजा नोको."

मामाजी, म्हणजे सासरे, गावात चारचौघांत माझ्याविषयी एकच वाक्य बोलतात: "आमचा जवाई मोजून बोलते." सासुरवाडीत माझी जी काही पत आहे ती या वाक्यावर उभी आहे. मला शेती समजत नाही. धान आणि गवत यांतील फरक लोंबी येईपर्यंत मला सांगता येत नाही. लग्नाच्या पंगतीत एकदा माझ्या हाती वरणाची बादली दिली गेली होती. प्रत्येक पानावर सारखे वरण पडावे या प्रयत्नात मी अर्ध्या रांगेपर्यंत पोहोचलो तेव्हा पहिली माणसे हात धुऊन उठली होती. तरीही त्या वेळी मामाजी म्हणाले होते, "मोजून वाढते." तेव्हा ते वाक्य शाबूत राखणे ही माझी जबाबदारी होती.

सावलीत गाडी ठेवताना मी सहज तेल पाहिले. ते डांबरासारखे काळे होते. मामाजी डोळ्यांवर पट्टी बांधून परततील, तेव्हा गाडीत ताजे, मधाच्या रंगाचे तेल असावे, एवढीच माझी कल्पना. 'बाकी काही करजा नोको' या सूचनेचा अर्थ मी 'विनाकारण काही करू नका' असा लावला. कारण माझ्याकडे होते.

फुलचूर नाक्यावर गुड्डू मिस्त्रीचे दुकान आहे. त्याच्याकडे का गेलो नाही, असे नंतर पुष्कळांनी विचारले. गेलो होतो. बोल्ट किती आवळतोस, असे विचारले. त्याने पाना बोल्टात घातला, एक पाय जमिनीवरून उचलला आणि तोंडाने "हूं" असा आवाज काढला.

"हे 'हूं' म्हणजे किती?" मी विचारले.

"हूं मतलब हूं, सर. आपको क्या, इसमें पीएचडी करना है?"

मी घरी आलो आणि गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल शोधायला लागलो. ज्या पुस्तकात कंपनी आपल्या मिस्त्र्यांना प्रत्येक बोल्टाचा आकडा सांगते ते हे पुस्तक. कोणीतरी, कुठेतरी, हा आकडा मोजून लिहिलेला असणार, यावर माझा विश्वास होता. देवावर नाही, पण यावर होता.

प्रथम अधिकृत सर्व्हिस सेंटर. तेथे काचेच्या टेबलामागील तरुणाने माझे म्हणणे अत्यंत आदराने ऐकून घेतले आणि विचारले, "सर, गाडी लाये हैं?"

"गाडी नको. आकडा हवा आहे."

"जॉब कार्ड के बिना नहीं दे सकते, सर. और जॉब कार्ड गाडी के बिना नहीं बनता."

मी गाडी सांगितली. त्याने संगणकाच्या यादीत शोधली. ते मॉडेल कंपनीने केव्हाच बंद केले असल्यामुळे यादीत नव्हते. "ये गाडी तो है ही नहीं, सर," तो म्हणाला. गाडी माझ्या अंगणात उभी आहे, हा पुरावा त्याच्या यंत्रणेत ग्राह्य नव्हता. त्याने कंपनीला ईमेल करण्याचा सल्ला दिला. मी केला, भाषा संयत, प्रश्न एकच. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले. माझ्या जिज्ञासेबद्दल आभार मानून त्यांनी मला जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधायला सुचवले होते.

मग इंटरनेट. येथे मॅन्युअल विपुल आहेत. आपल्या गाडीचे सोडून. पहिले 'मोफत डाउनलोड' उघडले तेव्हा माझी रास विचारण्यात आली. दुसरे मॅन्युअल आपल्याच गाडीचे होते, पण स्पॅनिशमध्ये, आणि त्या देशात तिला तीन चाके असावीत असे चित्रांवरून वाटले. तिसरे मात्र खरे निघाले. जुन्या छापील पुस्तकाची पाने कोणीतरी मोबाइलने टिपून घातली होती. बोल्टांच्या तक्त्याचे पान सापडले. तेल काढण्याचा बोल्ट: २५. आणि त्यापुढे, जेथे एकक असायला हवे तेथे, पान धरून ठेवणाऱ्याचा अंगठा आला होता.

मी तो अंगठा मोठा करून पाहिला. नख स्वच्छ होते. त्याखाली काय छापले आहे, हे कळण्यास मार्ग नव्हता.

शास्त्रात एका निरीक्षणावर विसंबत नाहीत. मी आणखी शोध घेतला. गाडीप्रेमींच्या एका चर्चामंचावर कोणी लिहिले होते, "२५ रखो, भाई." एका व्हिडिओतील मिशीवाल्या गृहस्थांनीही पंचवीसच सांगितले. तीन स्वतंत्र साक्षी जुळल्या म्हणून मला समाधान वाटले. व्हिडिओ पुन्हा पाहिला तेव्हा गृहस्थांच्या मागच्या पडद्यावर तेच पान होते, त्याच अंगठ्यासह. म्हणजे साक्षी तीन आणि अंगठा एक. परंतु आकडा निदान खोडला गेला नव्हता. राहिले एकक. पंचवीस किलोग्रॅम-मीटर असणे शक्य नाही. मीटरभर दांड्याच्या टोकाला धानाचे पंचवीस किलोचे पोते टांगल्यास बोल्टाचा अंत होईल. न्यूटन-मीटर धरल्यास तेथे सुमारे अडीच किलो येतात, जे समंजस वाटते. तेव्हा न्यूटन-मीटर. हा निष्कर्ष बरोबर होता, याची नोंद व्हावी. पुढे जे झाले त्यात माझ्या तर्काचा दोष नाही.

आता ठरलेल्या जोराला थांबणारा पाना हवा होता. त्याला टॉर्क रेंच म्हणतात. त्यावर आकडा लावायचा आणि आवळत जायचे. तेवढा जोर झाला की पाना "टक्" असा आवाज करतो. शेजारचे टिकेश रहांगडाले मदतीला आले. ते विमा एजंट आहेत आणि आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन. या दोन्ही व्यवसायांमुळे त्यांना प्रत्येकाच्या घरात काय चालले आहे हे माहीत असते.

"सर, एवढं कायले करून राहिले तुमी? हाताले समजते ना."

"माझ्या हाताला समजत नाही."

"समजते, सर. हळूहळू समजते. माह्या हातानं दोन बोल्ट तुटले, मंग समजलं."

या शिक्षणपद्धतीस मी नकार दिल्यावर त्यांनी आमच्याच गल्लीतले, राईस मिलमध्ये फिटर असलेले आसारामजी यांच्याकडून तसा पाना आणून दिला. पाना भक्कम होता. दांड्यावर समोरासमोर दोन मापपट्ट्या होत्या. आकडे खोदलेले, पण कोणती पट्टी कशाची ते सांगणारी अक्षरे मिलमधल्या ग्रीस आणि कोंड्याच्या थरांखाली गेली होती. आजचे उपकरण आजच्या एककांतच असणार, असे मी धरले. एका पट्टीवर पंचवीस हा आकडा ठळक खोदलेला होता. दुसरीवर तो दोन रेघांच्या मधे कुठेतरी पडत होता. मी ठळक पट्टी घेतली. परीक्षेत एखाद्या मुलाने असे केले असते तर त्याच्याशी मी काय बोललो असतो, हे येथे लिहीत नाही.

शनिवारी दुपारी भूमेश्वरी, म्हणजे माझी पत्नी, शिवणाच्या कामासाठी बाजारात गेली होती. मी तेल काढले, बोल्ट पुसला, हाताने बसवला आणि पाना लावला. आवळत गेलो. विरोध वाढत गेला. आणि मग, "टक्" येण्याच्या ऐवजी, विरोध कमी झाला. बोल्ट फिरू लागला. तो कसलाही आक्षेप न घेता फिरत राहिला. हा क्षण वर्णन करण्यास अवघड आहे. वर्गात आपण बोलत असताना सगळी मुले एकाएकी शांत होऊन आपल्या मागे पाहू लागतात, त्याच्याशी त्याचे थोडे साम्य आहे.

गुड्डूला बोलावले. त्याने उकिडवे बसून बोट लावले आणि निदान केले.

"चुडी मर गयी, सर."

बोल्टाच्या आट्यांना मिस्त्री लोक चुडी म्हणतात. बांगडीलाही आपल्याकडे चुडीच म्हणतात. हे शब्दसाम्य मला त्या वेळी केवळ भाषिक कुतूहलाचे वाटले.

"अब एक नाप बडी चुडी काढनी पडेगी," गुड्डू म्हणाला. "बोल्ट है मेरे पास. चुडी काढने का टॅप नहीं है. कॉलोनी में पूछो, मिलवाले रहते इधर, किसीके पास मिलेगा." मग उठताना त्याने खाली पाहत, अगदी हळू, "हूं" केले. मी ते ऐकले नाही असे दाखवले.

मामाजी रविवारी सकाळच्या गाडीने येणार होते. तिलक सोबत येऊन मोटारसायकल चालवत त्यांना गावी नेणार होता. मी टिकेशला गाठले आणि ग्रुपवर टाकण्यासाठी मजकूर सांगू लागलो: "माझ्या सासऱ्यांच्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या तळाशी असलेल्या तेल-निचऱ्याच्या बोल्टाचे आटे—"

"सर, सर. तुमचं लेक्चर ग्रुपवर कोणी वाचत नाही. मी शॉर्ट करतो."

त्यांनी लिहिले: "बिसेन सर के ससुरजी की चुडी मर गयी है. कल सुबह ही निपटाना है. जिससे जो बने मदद करें." शेवटी जोडलेले दोन हात.

बिसेन सर म्हणजे मी. मजकूर मी तपासला, हे कबूल केले पाहिजे. काम काय, केव्हा, कोणाचे, सर्व आले होते. मी फक्त एका ठिकाणी पूर्णविराम सुचवला. त्यात 'गाडी' हा शब्द नव्हता, हे माझ्या लक्षात आले नाही. भूमेश्वरीला मी काही सांगितले नाही. सकाळी टॅप मिळेल, काम होईल आणि सांगण्यासारखे काही उरणारच नाही, असा माझा हिशेब होता.

रविवारी सकाळी, परत करण्यापूर्वी पाना स्वच्छ करावा म्हणून मी अंगणात बसून त्याला घासलेट लावले. थर निघाला. ठळक पट्टीखाली अक्षरे वर आली: फूट-पाउंड. मी थोडा वेळ ती पाहत राहिलो. हे एकक आमच्या अभ्यासक्रमात नाही. इंग्रज गेले तेव्हा तेही गेले असावे, असा माझा समज होता. पंचवीस फूट-पाउंड म्हणजे जवळजवळ चौतीस न्यूटन-मीटर. हवा होता त्याहून तिसऱ्या हिश्श्याने अधिक जोर, आणि तोही मामाजींच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांवर.

हा गुणाकार चालू असतानाच समोरच्या सत्यभामाबाई फाटकातून आल्या. हातात फडक्याने झाकलेले पातेले होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान खाली घातली, थेट आत गेल्या आणि भूमेश्वरीला कवटाळले.

"धीर धर व बाई. चूल नको पेटवू आज. भात-वरण आणलं मी."

"काय झालं, काकी?"

"अशी काऊन विचारते व? सरनं सांगलं नाही का तुले?" सत्यभामाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "बापाची बातमी पोरीपासून कोणी लपवते का?"

भूमेश्वरी दारात आली. माझ्याकडे पाहिले. मग फोन घेऊन तिलकचा नंबर लावला. तो संपर्कक्षेत्राबाहेर होता. मामाजींचा बंद होता. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी फोनकडे पाहू नका असे सांगितले होते. तेवढ्यात कॉलनीतली माणसे येऊ लागली, पांढरे शर्ट घालून, आवाज खाली करून. कोणीतरी गणेश मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारले, "नागपूरवरून निघाले का घेऊन?"

येथे मला एक गोष्ट नोंदवायची आहे. क्षणभर मीही घाबरलो. अंगणभर माणसे एकच गोष्ट इतक्या खात्रीने मानत असतील तर त्यांना काहीतरी ठाऊक असणार, असे मनात येऊन गेले. मग मी त्या गृहस्थांना विचारले, "तुम्हाला कोणी सांगितले?" त्यांनी मोबाइल काढून ग्रुप दाखवला. शेजारच्याला विचारले, त्यानेही तोच दाखवला. अंगणभर साक्षी, आणि अंगठा एकच.

आत भूमेश्वरी पुन्हा पुन्हा फोन लावत होती. गुपचूप आत जाऊन तिच्या कानात सांगावे आणि पाहुण्यांना वेगळे काही सांगावे, असाही एक पर्याय होता. पण मधे सत्यभामाबाई, त्यांच्या मधे आणखी बायका. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि वर्गात ज्या आवाजात नियम सांगतो त्या आवाजात सांगितले:

"कोणीही गेलेले नाही. मेलेली चुडी बोल्टाची आहे. मामाजींच्या गाडीच्या. ती मी मारली."

भूमेश्वरी दारातल्या पायरीवर खाली बसली. पदराने तोंड पुसले. एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाली, "तुम्ही बाबूजींच्या गाडीले हात लावला?"

"लावला."

"त्यायनं नाही म्हटलं होतं ना?"

"विनाकारण लावू नका, असा मी अर्थ—"

"अर्थ," ती म्हणाली. एवढेच.

सत्यभामाबाईंनी पातेल्यावरचे फडके उचलले, आत पाहिले आणि पुन्हा झाकले. "मी म्हणो, मंग चुडी कोनाची गेली? दुलारीबाईचीच जाईन ना," त्या स्वतःशीच म्हणाल्या. हा तर्क मला आजही निर्दोष वाटतो. खुर्च्यांतून आसारामजी उठले. सांत्वनासाठी त्यांनी सुटीच्या दिवशी आंघोळ करून धोतर नेसले होते. "टॅप आहे ना माह्याजवळ," ते म्हणाले. "सांगतलं असतं तं रातीच आणून देतो. घाटावर जाणं नाही आता, तं वेळच वेळ आहे." आणि ते घराकडे निघाले.

टिकेश भिंतीला टेकून मोबाइलमधला तो संदेश काढून टाकत होते.

"सर, तुमीच तपासला होता," ते म्हणाले.

त्याच वेळी फाटकाशी ऑटो थांबला. आधी तिलक उतरला, मग सासूबाई. अंगणातल्या प्रत्येकाची नजर त्यांच्या मनगटांकडे गेली. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या चुड्या होत्या, नव्या, नागपुरात भरलेल्या. मग मोठा काळा चष्मा लावलेले मामाजी उतरले. त्यांनी खुर्च्या पाहिल्या, पांढरे शर्ट पाहिले, झाकलेले पातेले पाहिले.

"कोन गेला?" त्यांनी विचारले.

सगळ्यांनी टिकेशकडे पाहिले.

"कोणी नाही, काकाजी," टिकेश म्हणाले. "तुमीच होते."

भूमेश्वरीने जाऊन त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. तिनेच थोडक्यात सगळे सांगितले. तिचे सांगणे टिकेशच्या संदेशाहूनही आटोपशीर होते, पण त्यात 'गाडी' हा शब्द तीन वेळा आला. मामाजी गाडीपाशी गेले. खाली तेलाचे घमेले होते, शेजारी बोल्ट, शेजारी पाना. त्यांना वाकायला मनाई होती, म्हणून त्यांनी उभ्या उभ्याच चष्म्यातून पाहिले. खुर्च्यांतली माणसे उठायला तयार नव्हती.

"आवळताना गेली?"

"हो."

"अंदाजानं आवळला?"

"नाही," मी म्हणालो. "पंचवीस लावून आवळला."

मामाजींनी थोडा विचार केला.

"पंचवीस काय?"

हा प्रश्न मी आजवर कितीतरी उत्तरपत्रिकांवर लाल शाईने लिहिला आहे. तो ऐकताना कसे वाटते, हे मला माहीत नव्हते.

"फूट-पाउंड," मी म्हणालो.

"आन् पायजे होते?"

"न्यूटन-मीटर."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला, चुड्या वाजल्या. तिलक पाठ करून हसत होता. मामाजींनी काळा चष्मा नाकावर सारखा केला. तेवढ्या वेळात माझ्याविषयीचे ते एक वाक्य मला दूर जाताना दिसत होते.

"म्हणजे," ते शेवटी म्हणाले, "मोजलं तं होतं."

"हो. मोजले होते."

"मंग ठीक आहे. अंदाजानं तं कोनीबी चुकते."

आसारामजींनी टॅप आणला, गुड्डूने एक माप मोठी चुडी काढली. बोल्ट आवळताना त्याने माझ्याकडे पाना पुढे केला. मी स्वच्छ केलेल्या दुसऱ्या पट्टीवर, दोन रेघांच्या मधे, पंचवीस लावले. "टक्" झाले. गुड्डूने सवयीने "हूं" केले.

चूल पेटलेली नव्हती, त्यामुळे उरलेल्या सर्वांनी सत्यभामाबाईंचे भात-वरण खाल्ले. मामाजी जेवताना म्हणाले की माणूस गेल्यावर एवढे चांगले वरण मिळते हे त्यांना ठाऊक नव्हते, फक्त मीठ कमी आहे. सत्यभामाबाई म्हणाल्या की रडतारडता घातले, अंदाज चुकला. यावर मामाजींनी माझ्याकडे पाहिले.

गाडी व्यवस्थित चालू आहे. तेल गळत नाही. मामाजी गावात आता पारावर बसून सांगतात, आणि तिलकने मला हे मुद्दाम फोन करून कळवले आहे: "आमचा जवाई मोजून चुकते."